हिंगणमाळच्या भिंतीवरचं तोंड

दौंडच्या रेल्वे यार्डात मालडब्यांवर आकडे आणि अक्षरं रंगवणारे शेखलाल मिस्त्री थकले, तेव्हा त्यांची जागा त्यांच्या मुलाला, अयुबला, मिळत होती. साहेबानं स्वतः बोलावून विचारलं. अयुब नको म्हणाला. डब्यावरचं अक्षर गाडीबरोबर नागपूरला गेलं की मद्रासला, आपल्याला कळत नाही. आपण काढलेलं आपल्या माणसांनी बघितलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. शेखलालनी आठ दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि नवव्या दिवशी आपले ठेवणीतले ब्रश कापडात गुंडाळून मुकाट्यानं त्याच्यापुढं ठेवले.

तेव्हापासून अयुब सायकलवर. मागं रंगाचे डबे, पुढं चुन्याची पिशवी. कुरकुंभपासून पार घोडनदीपर्यंत, म्हणजे शिरूरपर्यंत, त्याचा हात फिरलेला. लोकलबोर्डाच्या शाळांची नावं, दवाखान्यांच्या पाट्या, देवीची लस टोचून घ्या म्हणून सांगणाऱ्या भिंती, कुठल्या अनाथाश्रमाच्या मदतफेरीचे कापडी फलक. नोकर तो कुणाचाच नव्हता, काम मात्र सगळ्यांचं करायचा. ज्या कचेरीला गरज लागेल ती निरोप धाडायची.

त्याची खरी करामत अक्षरात नव्हती, चित्रात होती. वरवंडला नारूचा रोग फार, तेव्हा पाणी गाळून प्या असं सांगायला पुण्याहून छापील चित्र आलं होतं. त्यात काचेचं भांडं आणि काचेचीच नळी. अयुबनं ते बाजूला ठेवलं आणि विहिरीच्या कठड्यावर मातीची घागर काढली. घागरीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा दुहेरी तुकडा, काठासकट. बायका थांबून बघायच्या. पंधरा दिवसांत निम्म्या घागरींना तसाच तुकडा दिसायला लागला. एकीनंही भिंतीवरचं अक्षर वाचलं नव्हतं.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात दारूबंदी प्रचाराचे साहेब पुण्याहून आले. कायदा होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि भीमेच्या काठच्या ओढ्याओढ्यांतून हातभट्ट्या पहिल्यापेक्षा वाढल्या होत्या. साहेबांनीही छापील चित्र आणलं होतं. सूट घातलेला माणूस, हातात पेला, शेजारी खुर्चीत डोळ्यांना रुमाल लावलेली बाई.

“साहेब, ह्ये बघून आमच्याकडं काय म्हणत्याल ठावं हाय का?” अयुब म्हणाला. “म्हणत्याल, पुण्याच्या मोठ्या लोकांचा रोग हाय ह्यो, आपल्यात न्हाई.”

“मग तू काय काढशील?”

“आमच्यातला माणूस काढीन.”

“काढ,” साहेब म्हणाले. “पण बघणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे.”

पहिली भिंत हिंगणमाळची. चावडीची भिंत, समोर बाजारतळ, बाजूला पाण्याची विहीर. गावचा म्हातारा पंच तात्याबा, धनगराचा, त्यानं अयुबला चावडीच्या ओसरीवर उतरायला जागा दिली, भाकरीची सोय लावली. सोमवारी अयुबनं भिंत घासून चुना दिला. मंगळवारी दुसरा हात द्यायला तो शिडीवर चढला, आणि दहाच्या सुमाराला विहिरीकडून आरडाओरडा आला.

एक बाई पळत येत होती. डोईवरची घागर पडून फुटलेली, पदर मागं लोळत. तिच्या पाठीमागं एक माणूस, हातात नांगराचं रुमणं, चांगलं मनगटाएवढ्या जाडीचं.

“रसायन ओतलं हिनं माजं! सारं रसायन वढ्यात ओतलं!” तो ओरडत होता.

तो मच्छिंद्र, ओढ्यात भट्टी लावणारा. बाई त्याची बायको, नकुशी. गुळाचं सडवलेलं पाणी तिनं पहाटे ओतून दिलं होतं. शिडीच्या पायथ्याशी ती ठेचकाळली आणि पहिलं रुमणं तिच्या खांद्यावर बसलं. दुसरं पाठीवर. तिसऱ्या वेळी तिनं हात आडवा घातला तेव्हा हाडाचा आवाज अयुबला वर ऐकू आला. विहिरीवरच्या बायका घागरी धरून उभ्या होत्या. चावडीत चौघेजण बसले होते, त्यांतला एक तपकीर ओढत होता. मच्छिंद्रनं तिच्या केसाला धरून डोकं वर केलं आणि तोंडावर लाथ घातली. त्या क्षणाला तिचे डोळे शिडीवर गेले. अयुबकडं. रक्तानं एक डोळा मिटलेला आणि दुसरा सताड उघडा.

अयुबच्या हातातल्या कुंचल्यावरून चुना ठिबकत होता. तो हलला नाही.

दमल्यावर मच्छिंद्र थांबला. रुमणं खांद्यावर टाकून निघून गेला. नकुशी बराच वेळ तशीच पडून राहिली, मग हाताला आधार देत उठली आणि त्याच वाटेनं घरी गेली. दुसरं घर नव्हतं.

अयुब खाली उतरला तेव्हा तात्याबा म्हणाला, “त्यांच्या घरचं हाय ते, पेंटर. आपुन मधी पडायचं न्हाई. तुमी तुमचं काम करा.”

अयुबनं केलं काम. बुधवारी सकाळपासून उन्हं कलेपर्यंत तो शिडीवरून उतरला नाही. आधी कोळशानं आखलं, मग कावेचा लाल, काजळीचा काळा, थोडी नीळ. उगारलेलं रुमणं. फुटकी घागर. आणि माणसाचं तोंड. मच्छिंद्रची डावी भुवई मधोमध चिरलेली होती, कानाची पाळी बाळीनं ओघळून फाटलेली. अयुबनं भुवई काढली, पाळी काढली, ओठाच्या कोपऱ्यात साठलेली थुंकीसुद्धा काढली. जमिनीवर पडलेल्या बाईचं तोंड हाताआड अर्धं झाकलं, पण हनुवटीवरचं तीन टिकल्यांचं गोंदण उघडं राहिलं. चुकून काही झालं नव्हतं. काल जे हातून झालं नाही ते आज ब्रशानं करतोय असं त्याला वाटत होतं, आणि त्याला बरं वाटत होतं. हे बरं वाटणं त्यानं पुढं कोर्टातही लपवलं नाही.

गुरुवारी हिंगणमाळचा बाजार. चित्राखाली अक्षरं लिहायची राहिली होती, म्हणून अयुब पुन्हा शिडीवर. खाली माणसं जमत गेली. आधी गप्प बघत होती. मग कुणीतरी म्हणालं, “अरं, ह्यो तर मच्छिंद्र!” आणि हशा फुटला. मंगळवारी तपकीर ओढत बसलेला मोठ्यानं हसत होता. आजूबाजूच्या गावची माणसं विचारत होती, कोण मच्छिंद्र, कुठं राहतो. घटकाभर अयुबची छाती फुगली. लोकांना कळलं होतं. एक अक्षर न वाचता कळलं होतं.

मच्छिंद्र स्वतः बाजारात होता. प्यालेला नव्हता. गर्दी वाट देत गेली तसा तो भिंतीपाशी येऊन उभा राहिला आणि आपलं तोंड बघत राहिला.

“मच्छिंद्रा, फोटू लई झकास आलाय रं तुजा!” मागून कुणी ओरडलं.

मच्छिंद्र वळला आणि घराकडं गेला.

घरात कोण आहे हे अयुबला तेव्हा आठवलं. तो दोन पायऱ्या उतरला असेल नसेल, तोवर वस्तीकडून किंकाळी आली. एकच. तिच्यानंतर आवाज आला नाही. बाजारतळावरचा हशा कापल्यासारखा थांबला. आणि गर्दीतून मच्छिंद्र परत आला. सदऱ्यावर रक्ताचे शिंतोडे, हातात कोयता.

“माजं तोंड काढाया तिनं सांगितलं व्हय रं तुला? तिचं तोंड फोडलं म्या वरवंट्यानं! आता तुजा हात दे!”

त्यानं शिडी ओढली. अयुब दहा फुटांवरून पाठीवर पडला, श्वासच अडकला. काळ्या रंगाचा डबा त्याच्या छातीवर उपडा झाला. उठायच्या आत मच्छिंद्रचा पाय त्याच्या उजव्या मनगटावर होता. कोयत्याचा पहिला घाव दगडावर बसून ठिणगी उडाली. दुसरा बसला. अंगठ्याशेजारची दोन बोटं धुळीत पडलेली अयुबनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आणि ती आपली आहेत हे त्याला पटेना. तिसऱ्या घावानं अंगठा हाडापर्यंत चिरला. चौथा मानेवर येणार होता. तो यायच्या आत तात्याबाच्या पुतण्यानं, गेणबानं, मागून मच्छिंद्रच्या डोक्यावर घोंगडी टाकली. मग मात्र सगळा बाजार त्याच्यावर तुटून पडला. मंगळवारी बसून राहिलेली माणसं आता लाथा घालत होती, त्याची एक बरगडी मोडली, दात पडले. तात्याबा मधे आडवा पडला म्हणून तो जिवंत राहिला.

दौंड तिथून आठ मैल. एकच बैलगाडी मिळाली. तिच्यात कडब्यावर अयुब आणि नकुशी शेजारी शेजारी निजवले होते. तिचा जबडा फडक्यानं डोक्याशी बांधलेला, फडकं रक्तानं चिकट झालेलं. गाडी चाकोरीत आदळली की दोघांच्याही तोंडून आवाज निघायचा. ती बोलू शकत नव्हती. नुसती त्याच्याकडं बघत होती, आणि आठ मैल अयुबला मान फिरवता आली नाही.

दवाखान्यात बोटं गेली ती गेली. अंगठा शिवला, पण तो लाकडासारखा ताठ राहिला. अयुबची बायको सुगराबी रोज डबा घेऊन यायची. पुरुषांच्या खोलीत नवऱ्याला जेवू घातलं की बायकांच्या खोलीत जायची आणि नकुशीच्या ओठांच्या फटीतून चमच्यानं पेज सोडायची. तिच्याकडं येणारं दुसरं कुणी नव्हतं. आईबापानं निरोप धाडला होता, आमच्या दारात आणू नका.

तीन आठवड्यांनी जबडा सोडला. नकुशी पहिलं जे बोलली ते ऐकून सुगराबी तशीच नवऱ्याकडं आली.

“ती इचारती, तिचं गोंदण का काढलं?”

अयुब काठी टेकत बायकांच्या खोलीच्या दारात गेला. आत पाऊल टाकायचा धीर झाला नाही.

“माझी चूक झाली, बाई,” तो म्हणाला.

नकुशीचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, शब्द फुटके यायचे. “तुमी बघत व्हता, तवा खाली उतरला न्हाई. मग चितर कशापायी काढलं? मला इचारलं व्हतं का?”

“न्हाई.”

“लोकं हसली. तुमाला शाबासकी घावली. घरात मी व्हते.”

तिनं भिंतीकडं तोंड केलं. सुगराबीनं अयुबला दंडाला धरून परत आणलं.

खटला पुण्याच्या कोर्टात उभा राहिला. त्याआधी प्रचाराचे साहेब येऊन गेले. चित्र कल्पनेनं काढलं असं सांग, म्हणाले. नाहीतर खात्यावर बालंट येईल आणि तुला पुन्हा कुठल्या कचेरीचं काम मिळणार नाही. सुगराबी म्हणाली, “अजी, साहेब सांगतात तेच बोला. हात गेला, आता काम पण घालवता का?” अयुब पिंजऱ्यात उभा राहिल्यावर वकिलानं विचारलं, हे तोंड कुणाचं?

“त्याचंच. बघून काढलं. त्याची बेअब्रू व्हावी म्हणून काढलं. बाईवर काय येईल ह्याचा इचार केला न्हाई.”

त्या कबुलीचा फायदा मच्छिंद्रच्या वकिलानं पुरेपूर उचलला. चिथावणी झाली असं ठरून शिक्षा चार वर्षांवर आली. साहेबांनीही आपलं म्हणणं खरं केलं. दोन वर्षं एकाही कचेरीचा निरोप आला नाही. सुगराबी लोकांचं शिवणटिपण करून घर ओढत होती, आणि अयुब परसातल्या भिंतीवर खडूनं डाव्या हाताची अक्षरं गिरवत होता. मुलगी हसीना नुकतीच शाळेत जायला लागली होती. तिचा ‘श्री’ बापापेक्षा बरा यायचा. एकदा त्यानं रागानं खडूची पेटी भिंतीवर फोडली, डोकं आपटून घेतलं, कपाळातून रक्त काढलं. सुगराबीनं जखमेवर हळद दाबली आणि खडूचे तुकडे वेचून परत त्याच्यापुढं ठेवले.

नकुशीला सुगराबीनंच घोडनदीला पोचवलं होतं. तिथं गिताबाई नावाच्या विधवा शिक्षिकेनं टाकलेल्या बायकांसाठी घर चालवलं होतं. वर्गणीवर आणि शिवणकामावर चालायचं. साठ साली गिताबाईंनी अयुबला पाटी रंगवायला बोलावलं.

“हात अजून बसला न्हाई, बाई. अक्षर पडतं,” अयुब म्हणाला.

“आम्हाला घाई नाही,” गिताबाई म्हणाल्या.

एका पाटीला त्याला नऊ दिवस लागले. अक्षरं किंचित डावीकडं झुकलेली आली, पण लांबून वाचता येत होती. मग त्यांनी आतल्या भिंतीवर घरातल्या बायकांचं चित्र मागितलं, वर्गणीदारांना दाखवायला. अयुब एकेकीपुढं जाऊन उभा राहिला. तुमचं तोंड काढू का? कसं काढू? कुणी हो म्हणाली, कुणी लाजून पळाली, एकीनं नथ घालून काढा म्हणून सांगितलं.

“माजं नगं,” नकुशी म्हणाली.

त्यानं नाही काढलं.

बासष्टच्या चैत्रात मच्छिंद्र सुटला. घोडनदीला येणाऱ्या एस.टी.तून तो उतरला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. अयुब त्या घराच्या अंगणात चुना विरवत बसला होता. बादलीत कळीचा चुना रटरटत होता. फाटकाशी गिताबाईंचा आवाज चढला, आणि मग त्या पडल्याचा आवाज आला. मच्छिंद्रनं त्यांच्या खांद्यावर ऊसतोडीचा कोयता मारला होता. त्यांना ओलांडून तो आत आला.

“नकुशे! भाईर ये!”

अयुबला त्यानं ओळखलंच नाही. अयुब उठला, मधे उभा राहिला. “मागं फिर, मच्छिंद्र.” कोयता उगारला गेला तेव्हा अयुबनं दोन्ही हातांनी, ताठ अंगठ्यानं आणि डाव्या पंजानं, बादली उचलली आणि उकळता चुना त्याच्या तोंडावर मारला.

त्यानंतरची किंकाळी बाजारपेठेपर्यंत ऐकू गेली. मच्छिंद्र डोळे ओरबाडत जमिनीवर लोळायला लागला. स्वयंपाकघरातून नकुशी आली. तिच्या हातात मुसळ होतं. तिनं पहिला घाव कोयत्याच्या हातावर घातला, कोयता निसटला. दुसरा गुडघ्यावर. मग मोजदाद उरली नाही. पाठ, बरगड्या, खांदे, जिथं बसेल तिथं. तोंडातून शब्द नाही, नुसता हुंकार, प्रत्येक घावागणिक. दारात उभ्या असलेल्या बायकांतली एकही पुढं आली नाही.

अयुबनं मागून तिला कव घातली. “बास, नकुशी! मरंल त्यो!”

“मरूं द्या!”

“तुला फासावर चढवत्याल. बास!”

तिनं त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. दात आत रुतले. अयुबनं सोडलं नाही. बराच वेळ ती तशीच दात रोवून थरथरत राहिली, मग तिच्या हातातून मुसळ पडलं आणि ती खाली बसली. अयुबनं हौदाचं पाणी आणून मच्छिंद्रच्या डोळ्यांवर ओतलं, घागरीमागून घागर. पोलीस आले तेव्हाही तो ओततच होता.

जबाबात अयुबनं सांगितलं, चुना मी टाकला. नकुशीनं सांगितलं, मारलं मी. गिताबाईंनी खांदा बांधलेल्या अवस्थेत फौजदाराला सगळं कसं घडलं ते लिहून घ्यायला लावलं. जीव वाचवायला केलं असं ठरून दोघं सुटली, पण अयुबला त्याआधी एकोणीस दिवस कोठडीत काढावे लागले. मच्छिंद्रचा एक डोळा पूर्ण गेला, दुसऱ्यानं उजेड तेवढा कळायचा. त्याचा भाऊ त्याला गावी घेऊन गेला.

लोक अयुबला म्हणायचे, बरोबर केलंत, त्याची तीच लायकी होती. अयुब मान हलवायचा नाही. त्या वर्षी त्यानं स्वतः चुना विरवला नाही. सुगराबी विरवून द्यायची, तेव्हाही तो पाठ करून बसायचा. रात्री काय काय दिसतं ते त्यानं तिला कधी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

कामं हळूहळू परत आली. बासष्टमध्ये पंचायत समित्या आल्या, नवे साहेब आले, त्यांना हिंगणमाळ ठाऊक नव्हतं. डावीकडं झुकलेली अक्षरं पाबळच्या दवाखान्यावर दिसायला लागली, मग वरवंडच्या शाळेवर. चित्रातल्या माणसांची तोंडं तो आता नुसती गोल काढायचा. एकदा एका साहेबानं विचारलं, ह्यांना नाकडोळे का नाहीत? “ज्याला पायजे त्यानं येऊन सांगावं, मग काढतो,” अयुब म्हणाला. साहेबाला तो उद्धटपणा वाटला, पण अक्षर बरं होतं म्हणून काम दिलं.

गिताबाईंचा खांदा कायमचा अधू झाला. घराचं स्वयंपाकघर आणि पुढं फाटकाची किल्लीही नकुशीकडं आली. मार खाऊन आलेल्या बाईला ती आधी जेवू घालायची, नाव नंतर विचारायची. अयुबशी ती कामापुरतं बोलायची, त्याच्याकडं बघून हसली असं कुणी कधी पाहिलं नाही. दर ईदेला मात्र एस.टी.च्या कंडक्टरबरोबर घोडनदीहून दौंडला कुरडयांचा डबा यायचा, सुगराबीच्या नावानं. अयुबचं नाव त्यावर नसायचं. सुगराबी तळायला बसली की तो चुलीशी येऊन बसायचा आणि आपल्या वाटणीच्या मागून घ्यायचा.